खरवतीचं पान

वडिलांच्या अंगठ्याचं कातडं फाटलं तेव्हा त्यांच्या घासण्याला मी पहिल्यांदा घाबरले. तोवर नुसती चिडत होते.

पहाटे डोळा उघडला की ते घरभर फिरायला लागायचे. दाराची चौकट, खिडकीची कड, जेवणाचं टेबल, देव्हाऱ्याची पायरी, सगळ्यावरून उजव्या हाताचा अंगठा फिरवत जायचे. मधेच थांबायचे, मागं यायचे, एका जागी अंगठा घासायचे आणि म्हणायचे, "हितं राहिलंय." लाकूड संपलं की लोखंडी कपाट. कपाट संपलं की भिंत. "हितं बी राहिलंय." मी डबे भरत असायचे, पोळी करपायची, शाळेची वेळ होत यायची आणि पाठीमागं ते खस्स खस्स चालूच. वर्गात फळ्यावर गणित मांडताना खडूचा आवाज आला तरी मला घर आठवायचं. घरी परत येईपर्यंत जिवाला स्वस्थता नसायची, आणि घरी आल्यावर तर नसायचीच.

वडील सुतार. शिवाजी पेठेत एका तालमीमागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, पुढं फळी. देव्हारे, चौरंग, पाळणे करायचे. लेकीचं बाळंतपण जवळ आलं की लोक पाळण्याचं आधी सांगून ठेवायचे. आई गेली आणि वर्षभरात त्यांना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग घराकडची वाट. एकदा ओळखीच्या दुकानदारानं त्यांना रंकाळ्यावरून रिक्षात घालून आणलं. त्यानंतर मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, नवरा एमआयडीसीत नोकरीला आहे. मुलगी शिकायला बाहेरगावी. तिची खोली रिकामी होती, ती वडिलांना दिली.

येताना त्यांनी हत्यारांची पेटी आणली होती. एका दुपारी मी शाळेतून आले तर जेवणाच्या टेबलाची एक कड तासून निघाली होती, फरशीवर रक्ताचे थेंब होते आणि वडील डावा तळहात धोतरात गुंडाळून शांत बसले होते. टाके घालावे लागले. दुसऱ्याच दिवशी मी ती पेटी रिक्षात घातली आणि पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका सुताराला देऊन आले. वडिलांना सांगितलं, "धार लावायला दिलीय."

"चांगलं केलंस," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात अंगठा सुरू झाला.

पेटी दिली म्हणून हे सुरू झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते म्हणाले, आजार पुढं सरकला की असं होतं, त्यांच्या हाताला काम द्या. मी मटार सोलायला दिले. त्यांनी दोन शेंगा सोलल्या, तिसरी निरखून पाहिली आणि ताट बाजूला सारलं. "हे बायकांचं काम मला का देतीस?" मग मी दुकानातून पॉलिशपेपर आणला आणि एक फळी आणली. त्यांनी पेपर अंगठ्याखाली धरला, एकदा ओढला आणि फेकून दिला.

"ह्येनं लाकूड पांढरं पडतंय. खरवत कुठाय?"

खरवत. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी दिवाळीच्या आसपास चंदगडकडचा एक माणूस पोत्यात घट्ट बांधलेली पानं घेऊन दुकानात यायचा. ती पानं सावलीत वाळवायची, फळीखाली दाबून ठेवायची, आणि वापरताना पाण्याचे दोन थेंब लावून अंगठ्यावर गुंडाळायची. रंधा मारून झालेलं शिसव त्या पानानं घासलं की आतून काळंभोर चमकायचं. किडकी पानं बाजूला काढायचं काम माझ्याकडे होतं. मला ते मुळीच आवडायचं नाही. बोटं सोलल्यासारखी व्हायची, मग शाळेत पाटी धरली तरी चुरचुरायची. पुढं तो माणूस यायचा बंद झाला, बाजारात पेपर आला, आणि वडीलही पेपरच वापरायला लागले. निदान मला तसं वाटत होतं.

ज्या दिवशी अंगठ्यातून रक्त आलं त्या दिवशी मी ठरवलं की हे पान आणायचं.

आधी पेठेतल्या दोन-तीन सुतारांना विचारलं. "खरवत मिळेल का?" एकजण म्हणाला, "करवत? हार्डवेअरमधी मिळंल की, बाई. किती इंची पायजे?" मी ख वर जोर देऊन परत सांगितलं. तो हसला. "आता कोण घासतंय पानानं? मशीन हाय."

शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या सरांना विचारलं. त्यांना माहीत होतं. वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं रानटी झाड, म्हणाले, पानं खरखरीत असतात, पन्हाळ्याच्या पायथ्याला ओढ्याकडेला बघा. रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून गेले. ओढा सापडला, झाडही सापडलं. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फळांचे घोस लटकलेले, पान हाताला चांगलं खरखरीत. मी पिशवी गच्च भरली. चीक लागून हात काळे झाले, साडी गेली, पण परत येताना बऱ्याच दिवसांनी मी नवऱ्याशी नीट बोलले.

त्या दिवशी सकाळपासून वडिलांनी मला तीनदा विचारलं होतं, "तुझी आई बाजारातनं आली न्हाय व्हय अजून?" मी पिशवी त्यांच्यापुढं उपडी केली. त्यांनी एक डहाळी उचलली. पान बघितलंसुद्धा नाही, नुसतं बोटांत धरलं.

"काळा उंबर हाय ह्यो."

"आबा, नीट बघा. खरखरीत आहे की."

"काय बघू? ह्येची पानं जोडीजोडीनं येत्यात, समोरासमोर. खरवतीची एकाड एक. आणि ही लव हाय, केस हायती ह्येला. खरवतीला दात असत्यात." त्यांनी डहाळी माझ्या हातात परत दिली. "शेळीला घाल."

मी तिथंच खुर्चीत बसले. ज्या माणसाला आपली बायको गेलेली आठवत नव्हती, तो मला डहाळीवरची पानं कशी येतात ते सांगत होता. हसावं की रडावं कळेना. नवरा म्हणाला, "मग त्यांनाच घेऊन जा. त्यांना कळतंय ना."

तो चेष्टेत बोलला होता. मी मात्र रजा टाकली.

सुगीचे दिवस होते. सकाळची चंदगड एसटी पकडली. वडिलांना खिडकीजवळ बसवलं, पाण्याची बाटली, औषधं, जास्तीचं धोतर, सगळं मांडीवर घेतलं. ते पोरासारखे खूश होते. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते. कागल गेलं आणि त्यांनी एकदम विचारलं, "पोरी, माझी पेटी कुठाय?"

इतके महिने मी "धार लावायला दिलीय" म्हणत होते. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी खरं सांगितलं. तुमचा हात कापला, मला भीती वाटली, म्हणून मी ती देऊन टाकली. कुणाला दिली तेही सांगितलं.

त्यांनी खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "त्येला पटाशी धरता येती का?"

"येते. तुम्हीच शिकवलंय त्याला."

"मग ऱ्हाऊ दे."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी डोळे पुसले, त्यांना एक केळं सोलून दिलं. निपाणी आली. स्टँडवर गाडी थांबली, माणसं चढली, उतरली. गाडी सुटली आणि त्यांनी विचारलं, "पोरी, माझी पेटी कुठाय?"

मी परत सगळं सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. या वेळी त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझी पेटी दिलीस? कुणाला इचारून दिलीस?" सगळी गाडी वळून बघायला लागली. "बापाची हत्यारं वाटतीस व्हय गं? बस थांबवा! मला उतरायचं हाय!"

ते उठून उभे राहिले. मी धोतराचा सोगा धरून ठेवला. कंडक्टर आला. "काय झालं, पावणं?"

"ह्या बाईनं माझी पेटी दिली."

कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याला काय समजायचं ते समजलं असावं. "गडहिंग्लजला चौकशी करतो," तो म्हणाला. "तवर बसा. गाडी हलतीया, पडशीला." वडील बसले. पुढं अर्धा तास माझ्याकडे बघितलं नाही.

गडहिंग्लज सोडल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आता माझ्यात त्राण नव्हतं. "घरी आहे," मी म्हणाले. "तुमच्या पलंगाखाली."

"फरशी पुसताना बाजूला घेत जा. वल लागली तर गंज चढंल," ते म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटले. मला मात्र खोटं बोलल्यावर पहिल्यापेक्षा वाईट वाटलं. खरं दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा माघार घेतली, ही टोचणी त्या दिवशीच्या बाकीच्या सगळ्या धावपळीत गेली नाही.

चंदगडच्या स्टँडबाहेर चहाच्या टपरीवर विचारलं. चहावाल्याला खरवत माहीत होती. त्यानं एका वाडीचा रस्ता सांगितला, ओढ्याकडंनं पुष्कळ आहे म्हणाला. वडापच्या जीपनं आम्हाला फाट्यावर सोडलं. रस्त्याच्या एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला काजूची झाडं, मधून एक पायवाट खाली गेलेली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. आवाज तुटत होता म्हणून मी चार पावलं चढावर गेले. "पोचलो, हो, बरे आहेत," इतकंच बोलले असेन. वळून बघितलं तर मैलाच्या दगडाजवळ पिशवी होती आणि वडील नव्हते.

आधी मी हाक मारली. मग पायवाटेनं खाली पळत गेले. पन्नास पावलांवर वाटेला दोन फाटे. डावीकडे गेले, काजूत शिरले, परत आले. उजवीकडे गेले. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. "आबा! ओ आबा!" माझाच आवाज मला ओळखू येईना. चप्पल चिखलात रुतली, ती तिथंच टाकली. खाचरात चार-पाच बायका भात कापत होत्या. एकीनं कंबर सरळ केली.

"कोण हरवलंय गे?"

"माझे वडील. म्हातारे आहेत. त्यांना काही आठवत नाही."

त्यांनी विळे तिथंच ठेवले. एकमेकींना ओरडून सांगत, दोघी ओढ्याकडे, दोघी रस्त्याकडे, एक माझ्याबरोबर. तासभर गेला असेल. त्या तासात मी मनातल्या मनात नवऱ्याला, मुलीला, नातेवाइकांना, सगळ्यांना उत्तरं देऊन बसले होते. म्हाताऱ्या माणसाला झाडाचं पान आणायला इतक्या लांब कशाला नेलंस? झाड, पान, अंगठा, सगळ्याचा मला राग आला होता.

मग ओढ्याकडे गेलेल्यांपैकी एकीची हाक आली. "हाय गे, हाय! घरात बसलाय!"

वाडीतलं शेवटचं घर. सोप्यात वडील उंबऱ्याशी मांडी घालून बसले होते. समोर चहाचा रिकामा पेला. एका हातानं चौकटीचा खालचा भाग धरून दुसऱ्या हातानं घासत होते. अंगठ्याखाली हिरवं पान होतं. दाराशी साठीची एक बाई कंबरेवर हात ठेवून त्यांचं काम बघत होती.

मी त्यांच्यावर तुटून पडले. सांगून जायचं नाही? कुठं शोधायचं मी? मेले असते मी आज! मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. वडील घाबरून माझ्याकडे बघत राहिले. मी कोण, हे त्या क्षणी त्यांना कळत होतं की नाही, तेही मला ठाऊक नाही. मग मी तिथंच अंगणात बसून रडले.

"वरडू नको गे त्येला," ती बाई म्हणाली. "आला, म्हणाला, चौकट फुगलीया तुझी, रंधा दे. म्हटलं, रंधा न्हाय बाबा. तर म्हणाला, खरवत तरी आण. आता ती हाय की गोठ्यामागं. दिली आणून." तिनं मला हात धरून उठवलं. "पाय बघ तुझं. धू आदी, मग पेज खा."

तिला सगळे अक्का म्हणत होते, मीही म्हणायला लागले. अक्काकडे उकडीच्या तांदळाची पेज आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. बायका परत भाताकडे गेल्या. मग अक्कानं झाड दाखवलं. माझी थोडी निराशाच झाली. गोठ्यामागं, शेणकीच्या शेजारी, वेडंवाकडं वाढलेलं बेताचं झाड. पानांच्या बगलेत बोराएवढी पिवळट फळं, त्यावर पाखरांची ये-जा. वडासारखा विस्तार नाही, पिंपळासारखं रूप नाही, कुणी पार बांधावा असं काही नाही. अक्का त्याच्या पानांनी लाकडी डाव आणि काठवट घासायची. "दुसरं काय कामाचं न्हाय ते," ती म्हणाली, "पण तोडावं असं बी कधी वाटलं न्हाय."

वडील झाडाखाली गेले आणि त्यांची मघाची सगळी भीती गेली. मी तोडायला लागले तर हातावर चापट मारली. "कवळं नको. किडकं नको. कवळ्याच्या खालचं जून घे." प्रत्येक पान ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हळूच ओढून बघत. दोन-तीनदा माझ्याही मनगटावर ओढलं. "लागलं?" "लागलं." "मग घे." अक्काकडचं पोतं अर्धं भरलं. अक्कानं वरून ओलं फडकं बांधून दिलं, तिचा फोन नंबर मला सांगितला आणि माझा भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला.

परतीच्या गाडीत ते झोपले. पेटीचं विचारलं नाही.

घरी पानं वाळली. पेटी ज्याला दिली होती त्या सुताराकडे जाऊन मी शिसवीचा एक तुकडा मागितला. त्यानं तीन दिले, आणि विचारलं, पेटी परत न्यायची आहे का? मी नको म्हणाले. वडील सकाळी अंगठ्याला पान गुंडाळून गॅलरीत बसायला लागले. चौकटीवरून, कपाटावरून फिरणं कमी झालं, थांबलं नाही. आईची चौकशी चालूच राहिली. पण दिवसातले दोन-तीन तास ते एका जागी बसत, आणि त्या तासांत मी वह्या तपासू शकत होते. तुकडा आरशासारखा झाला की मला दाखवत. मी हात फिरवून "छान" म्हटलं की म्हणत, "अजून राहिलंय." पानं संपत आली की मी अक्काला फोन करायचे. ती एसटीच्या ड्रायव्हरकडे पुडकं द्यायची आणि मी शाळा सुटल्यावर स्टँडवर जाऊन गाडीची वाट बघत उभी राहायचे. माघानंतर झाड उघडं झालं तेव्हा तिनं मला आपणहून कळवलं, आता चैत सरेपर्यंत पान नाही. ते दोन महिने फार वाईट गेले. अंगठ्याला पट्टी बांधायची आणि त्यांनी ती सोडायची, हेच चाललं.

दोन वर्षं अशी गेली.

यंदा पावसाळा सरता सरता एका सकाळी मी रोजच्यासारखं पान भिजवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, उजेडात धरलं.

"हे काय हाय?"

"खरवत, आबा."

"काय करायचं ह्येचं?"

मी त्यांच्या अंगठ्यावर ते गुंडाळलं, तुकडा पुढं सरकवला, त्यांचा हात धरून दोनदा ओढला. हात माझ्याबरोबर आला आणि मी सोडल्यावर थांबला. त्यांनी पान काढून बशीत, बिस्किटाशेजारी, नीट ठेवलं आणि चहा प्यायले. मला वाटलं, आज नाही तर उद्या आठवेल. उद्याही आठवलं नाही. आठवडाभर मी रोज एक पान भिजवत होते.

आता ते फिरत नाहीत. घासत नाहीत. खिडकीशी बसवलं की बसून राहतात. ज्या स्वस्थपणासाठी मी वर्षानुवर्षं तडफडले, तो घरात आला आहे आणि मला घरात बसवत नाही. मी उगाच उठते, गॅसचं बटण बघते, दाराची कडी बघते, परत बसते.

परवा अक्काचा फोन आला. सुगी लागलीय, म्हणाली, पान चांगलं जून झालंय, पुडकं बांधू का? आबा कसं हायती?

"बरे आहेत," मी म्हणाले. "पाठवा की."